वीस मिनिटांचा बॅकअप

“लाइट गेल्यावर काय काय चालू राहायला हवं?” असं दुकानातल्या बाईने विचारलं, तेव्हा मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. सीपीयू, चार स्क्रीन, राऊटर. ती लिहीत होती तेवढ्यात मी वॅटही सांगून टाकले: दोनशे, पंचवीस चोक शंभर, दहा, एकूण तीनशे दहा. तिने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकं तिला इंच सांगत असतील, रंग सांगत असतील, पुतण्याने काय बजावलंय ते सांगत असतील. वॅट कुणी सांगत नसावं. “काका, विजेच्या खात्यात होतात का?” तिने विचारलं. मी हो म्हणालो. बत्तीस वर्षं होतो. “मग तुम्हाला मी काय शिकवणार. किती वेळ चालायला हवं तेवढं सांगा.” मी म्हणालो, वीस मिनिटं. चालू सौदा मिटवून बाहेर पडायला तेवढी पुरतात. “अजून काही जोडायचंय त्यावर?” “नाही, एवढंच,” मी म्हणालो आणि तिने खाली एक रेघ ओढली.

दुकान म्हणजे एका व्यापारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. तिन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी आणि मधल्या टेबलावर कुणाचा तरी संगणक पोट उघडून पडलेला. बाई चाळिशीची, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलता बोलता त्या उघड्या पोटात हात घालून स्क्रू पिळत होती. मी आठवडाभर वाचून, घोकून गेलो होतो. जुना लॅपटॉप ऐन वेळी गोठतो, विकायचं बटण दाबलं की तो विचारात पडतो, म्हणून आता सगळं उत्तमातलं उत्तम घ्यायचं असं ठरवलं होतं: सर्वांत वेगवान प्रोसेसर, आणि खेळणारी पोरं घेतात तसलं भलंमोठं ग्राफिक्स कार्ड. तिने एकेक खोडून काढलं. “तुम्हाला गेम खेळायचेत का? नाही ना? मग हे कार्ड कशाला, डास मारायला तोफ? तुमचे आलेख म्हणजे रेघा काका, रेघांना काय लागतं? चार स्क्रीन जोडता आले म्हणजे झालं. पैसे एसएसडीत घाला, मशीन झटकन उठेल. रॅम बत्तीस ठेवू, ब्राउझर फार खातो. आणि वायफायवर विसंबू नका, राऊटरपासून सरळ वायर ओढा.” चार स्क्रीन तरी कशाला, दोन पुरतात, असंही ती म्हणाली. मी म्हणालो, सवय आहे. आमच्या नियंत्रण कक्षात अख्खी भिंतच आकड्यांची होती, एका स्क्रीनपुढे बसलं की मला एका डोळ्याने आंधळा झाल्यासारखं वाटतं. ती हसली आणि चार लिहिले. तिच्याशी बोलताना मला फार दिवसांनी बरं वाटत होतं. कुणीतरी प्रश्न विचारत होतं आणि मला उत्तरं येत होती. जिना उतरताना मी चक्क शीळ घालत होतो.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मी फोन काढून सकाळचा सौदा पाहिला. सकाळी शेअर घ्यायचे आणि बाजार बंद व्हायच्या आत विकून मोकळं व्हायचं, हातात काही शिल्लक ठेवायचं नाही, असा माझा रोजचा व्यवहार आहे. सौदा थोडा फायद्यात होता. फोन खिशात ठेवला, आणि पुढे कुठे रस्ता खोदला होता म्हणून बस थांबली आणि चालकाने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. मागच्या सीटवर एक म्हातारी झोपली होती, तिचा श्वास ऐकू यायला लागला. आत जाताना बारीक शिट्टी, बाहेर येताना काही नाही. पुन्हा शिट्टी, पुन्हा काही नाही. मी घड्याळ लावून ते श्वास मोजायला लागलो. असं काही कानावर आलं की मला मोजल्याशिवाय राहवत नाही. मिनिटाला बावीस भरले, आणि तेव्हा मला आठवलं की घरी एक यंत्र आहे. साडेतीनशे वॅटचं, चोवीस तास चालणारं. ते हवेतून प्राणवायू वेगळा काढतं आणि त्याची नळी माझ्या बायकोच्या नाकात असते.

मी खिशातून कागद काढला. बाईचं गोल, नीटस अक्षर. ‘लाइट गेल्यावर’ असं लिहून त्याखाली तीन ओळी आणि एक रेघ. मी कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली. मागे दुकानाची वेळ छापली होती. शेजारी बसलेला माणूस माझ्याकडे बघायला लागला, कारण मी बहुधा काहीतरी मोठ्याने बोललो होतो. काय बोललो ते आठवत नाही. मन लगेच कारणं शोधायच्या कामाला लागलं होतं. या कामात माझं मन तरबेज आहे.

पहिलं उत्तर असं सापडलं: ती यादीत नाही, कारण ती यादीत नसतेच. हे बाहेरच्या माणसाला सांगायला गेलो तर तो हसेल, पण आमच्या कामातला माणूस मान डोलवेल. वीज साठवून ठेवता येत नाही. जेवढी लागते तेवढीच त्या क्षणी बनावी लागते. मागणी चढली की भिंतीवरचा वारंवारितेचा आकडा पन्नासाच्या खाली उतरू लागतो आणि तो फार उतरला तर सगळंच आडवं होतं. ते होऊ नये म्हणून कुणीतरी कुठला तरी भाग कापायचा. तो कुणीतरी म्हणजे मी. फोन उचलायचा आणि म्हणायचं, अमक्या नंबरची लाइन काढा. एका लाइनवर चार-पाच हजार घरं. टेबलाच्या काचेखाली दोन कागद असायचे. पांढऱ्यावर पाळीपाळीने कापायचे भाग. लालवर कधीच कापायचे नाहीत असे: रुग्णालय, पाण्याचे पंप, आणि एका बड्या माणसाचा बंगला, ज्याबद्दल कुणी कुणाला विचारायचं नाही. नव्याने आलेल्या माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगायचो, बाबा रे, लाल कागदाची बेरीज करायची नाही. तो भार आपल्या हातातला नाहीच असं समजायचं. बत्तीस वर्षं मी तसं समजलो. तर माझी बायको लाल कागदावर आहे, म्हणून ती बेरजेत आली नाही. हे उत्तर मला पटलं. बस सुरू झाली, वारा आला, आणि दोन थांब्यांपर्यंत ते पटलेलंच राहिलं.

तिसऱ्या थांब्याला ते फाटलं. बाईने काय कापायचं ते कुठे विचारलं होतं? तिने काय चालू ठेवायचं ते विचारलं होतं. म्हणजे तिने मला लाल कागदच लिहायला सांगितला होता, आणि मी त्यावर चार स्क्रीन लिहिले होते.

मग दुसरं उत्तर. आमच्याकडे लाइट जातच नाही. ही बढाई नाही, ही माझी करामत आहे. अकरा वर्षांपूर्वी आम्ही घर शोधत होतो. लोक ऊन बघतात, पाणी बघतात, शेजार बघतात. मी लाइनींचा नकाशा घेऊन हिंडत होतो. रुग्णालयाच्या मागच्या अंगाला एक साधी चार मजली इमारत सापडली, रुग्णालयाच्याच लाइनवर. खिडकीतून रुग्णालयाच्या धुलाईघराची भिंत दिसते, दिवसभर वाफ आणि साबणाचा वास. बायको म्हणाली होती, “लोक खिडकीतून काय दिसतं ते बघतात, आणि हा बघतो खांबाला काय जोडलंय.” ती शाळेत गणित शिकवायची. तिला सगळी शाळा बाई म्हणायची आणि चिडवायचं असलं की मीही म्हणायचो. लग्नानंतर आठवड्याभरात तिने ‘अहो’ सोडून ‘अरे’ धरलं होतं, कारण ‘अहो’ म्हणून रागावता येत नाही असं तिचं म्हणणं होतं. त्या रिकाम्या घरात उभा राहून मी तिला म्हणालो होतो, बाई, या घरात कधी अंधार होणार नाही. असलं काही तरुण नवरे बोलतात, मी पंचेचाळिशी ओलांडलेला असताना बोललो. तेव्हा ती धडधाकट होती. जिने चढून यायची, हातात वह्यांचा गठ्ठा असायचा, आणि वर पोचल्यावर धापही लागायची नाही. फुप्फुसं आतून टणक होत जातात असा एक आजार असतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ठाऊक झालं. तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती, हेही सांगून टाकतो. बघा, म्हटलं, कसं घर निवडलं होतं. जुन्या इन्व्हर्टरची बॅटरी मेली तरी मी बदलली नाही. लाल कागदावरच्या घराला बॅटरी कशाला? कोपऱ्यात अडीअडचणीला प्राणवायूचा एक सिलिंडर आहे, महिन्याकाठी मी त्याची चावी उघडून बघतो आणि पुन्हा घट्ट बसवतो.

म्हणून यंत्र बेरजेत धरलं नाही. ठीक आहे. पण मग लाइट जातच नाही तर संगणकासाठी वीस मिनिटं कशाला मागितली? हा प्रश्न मी स्वतःला बसमध्ये, भर दुपारी, उन्हाचा चट्टा मांडीवर घेऊन विचारला. चार स्क्रीनचा विषय आला तेव्हा लाइट जाऊ शकते हे मला चांगलं ठाऊक होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो इतका काळा असेल असं वाटलं नव्हतं.

एक माणूस आठवला. पंधरा वर्षं झाली असतील. एका उन्हाळ्यात आकडा भराभर उतरत होता आणि मी ओळीने सात लाइनी काढल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस नियंत्रण कक्षाच्या दारात येऊन उभा राहिला. कपडे इस्त्रीचे, दाढी केलेली. कालच्या दुपारच्या पाळीला कोण होतं असं त्याने विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठून बाहेर गेलो. तो म्हणाला, “माझी बहीण घरी यंत्रावर होती. तुमच्याकडे तशी नोंद नसणार, मला कळतं. मी भांडायला आलो नाही.” मी विचारलं, मग काय करू तुमच्यासाठी? “काही नाही. तुम्हाला बघायला आलो,” तो म्हणाला, आणि खरोखर बघत राहिला. मला त्याच्यापुढे हात कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी मी म्हणालो, एक अर्ज द्या, अशा घरांची आम्ही नोंद ठेवतो. असा काही अर्ज नव्हता. तो बरं म्हणून गेला. मी आत आलो, खुर्चीत बसलो आणि पुढचा फोन घेतला. घरी आल्यावर बायकोला सांगितलं तेव्हा ती वह्या तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “बहिणीचं नाव विचारलंस?” मी विचारलं नव्हतं.

बाजाराच्या नादाला मी लागलो तो त्या माणसापायी, असं म्हटलं तर जरा जास्तच होईल. पण अगदीच खोटंही नाही. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना मी नोकरी सोडली, कारण तिला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. पहिले काही महिने तिच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसलो. तिला पुस्तक वाचून दाखवायचो, ती माझे उच्चार दुरुस्त करायची. आणि यंत्र चालू असायचं. दर आठ सेकंदांनी धप्प, मग एक लांब फुस्स. ट्रान्सफॉर्मरच्या घुमण्यावरून त्यावर किती भार आहे ते मी सांगू शकतो, सहकारी पैजा लावायचे माझ्यावर. या आवाजावरून मला एकच गोष्ट कळायची, की तो आवाज आहे तोवर ती आहे. दोन धप्पांच्या मधल्या आठ सेकंदांत मी काहीच करू शकत नव्हतो. फोन उचलून कुणाला काही सांगता येत नव्हतं. मग एकदा एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर बाजाराचा आलेख दाखवला. ती रेघ पाहिली आणि माझ्या अंगात जीव आला. अगदी तीच रेघ. चढणारी, उतरणारी, क्षणाक्षणाला माणसाला जागं ठेवणारी. फरक एवढाच की इथे चुकलो तर माझं जाईल, आणि कुणी इस्त्रीचे कपडे घालून मला बघायला येणार नाही. मी लॅपटॉप घेऊन शेजारच्या खोलीत बसू लागलो. आधी दार उघडं ठेवून. मग लोटून. मग बाहेरचा आवाज गिळून टाकणारे हेडफोन आणले. बाजारासाठी मी सगळ्यात आधी घेतलेली वस्तू ती, आणि तिच्यासाठी कुणाचा सल्ला घ्यावा लागला नाही. बायको एकदाच म्हणाली, “तू पैशासाठी नाही बसत तिथे.” मी विचारलं, मग कशासाठी? ती म्हणाली, “तुलाच माहीत,” आणि डोळे मिटून घेतले.

थांबा आला. उतरून चालताना वाटलं, की हे तिला सांगायचं कशाला? दुकानात फोन करावा, यादीत एक ओळ वाढवावी, मोठी बॅटरी घ्यावी, विषय संपला. शहाण्या माणसाने असंच केलं असतं. पण माझं दुसरंच काहीतरी चाललं होतं. मला तिच्याकडून ऐकायचं होतं. ती लाल कागदावर होती म्हणून सुटली, की विसरली गेली म्हणून सुटली, हे माझं मला ठरवता येत नव्हतं, आणि उत्तर तपासायची सवय आमच्या घरात तिलाच होती. विसरलो असेन तर मी कसला माणूस आहे, ही भीती रुग्णालयाच्या कुंपणापर्यंत माझ्याबरोबर चालत आली.

घरी पोचलो तेव्हा तीनला पाच मिनिटं होती. मी बाहेर जाणार असलो की तीनपर्यंत बायकोजवळ बसायला येणारी बाई चपला घालूनच तयार होती. “झोपल्या नाहीत आज,” ती म्हणाली, “गणितं करत होत्या,” आणि गेली. बायको तीन उशांना टेकून बसली होती, मांडीवर वही. नळी कानांवरून घेऊन नाकाशी आणलेली. तिची वाक्यं आता लहान झाली आहेत. श्वासाला परवडेल एवढंच ती बोलते, आणि त्यामुळे पूर्वीपेक्षा नेमकं बोलते.

“ठरलं?”

“ठरलं.”

“किती स्क्रीन?”

“चार.”

“बघू.” तिने हात पुढे केला.

कागद माझ्या खिशात होता. मी तो काढला, पण दिला नाही. खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. “आधी ऐक,” मी म्हणालो. “त्या बाईने विचारलं, लाइट गेल्यावर काय काय चालू राहायला हवं. मी संगणक सांगितला, स्क्रीन सांगितले, राऊटरसुद्धा सांगितला. तुझं यंत्र सांगितलं नाही. मला आठवलंच नाही गं. बसमध्ये बसल्यावर आठवलं.”

तिने कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा खाली ओढला आणि तीन ओळी वाचल्या. बोटाने आकड्यांवरून खाली आली. “बेरीज बरोबर आहे,” ती म्हणाली. चेहऱ्यावर थोडं हसू होतं. मग मी बोलत सुटलो. काचेखालचे दोन कागद, लाल कागदाची बेरीज करायची नसते, हे सगळं तिला तोंडपाठ होतं तरी पुन्हा सांगितलं. “तू त्या कागदावर आहेस म्हणून असेल,” मी म्हणालो. “शिवाय आपल्याकडे लाइट जात नाही. अकरा वर्षांत एकदा तरी गेलीय का?”

यंत्राने दोनदा धप्प केलं. तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

“गेली होती,” ती म्हणाली.

“कधी?”

“मागच्या महिन्यात. मंगळवारी. दुपारी.” प्रत्येक शब्दामागे ती थांबत होती. “अठरा मिनिटं.”

“शक्यच नाही. ही रुग्णालयाची लाइन आहे.”

“लाइन चालू होती. खाली मीटरच्या खोलीत काम होतं. रखवालदार सकाळी सांगून गेला. दार तूच उघडलंस. बरं म्हणालास.”

मला रखवालदार आठवेना. अजूनही आठवत नाही. मंगळवार मात्र आठवला, कारण त्या दिवशी रेघ सरळ वर गेली होती आणि मी ती शेवटपर्यंत सोडली नव्हती. मध्येच वायफाय तुटलं होतं. मी एक शिवी हासडली होती, फोनचं इंटरनेट लॅपटॉपला जोडलं होतं आणि पुन्हा हेडफोन चढवले होते. लॅपटॉप बॅटरीवर होता. पंखा लावायचे दिवस नव्हते, खोलीत ऊन होतं. बत्तीस वर्षं विजेच्या खात्यात काढलेल्या माणसाला स्वतःच्या घरातली वीज गेलेली कळली नाही.

“यंत्राचा भोंगा?” मी विचारलं. माझा आवाज मला परका वाटला.

“वाजला. बारीक. मग थांबला.”

“सिलिंडर होता ना?”

“चावी फिरली नाही. तू घट्ट बसवतोस.”

“मग हाक का नाही मारलीस? एक हाक मारायची. मी इथे भिंतीपलीकडे होतो.”

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. उदाहरण कुठे चुकलं ते पोराला दाखवताना ती जशी बघायची तसं. “हाक मारायची, की श्वास घ्यायचा,” ती म्हणाली. “दोन्हीला पुरत नव्हता. म्हणून हाक कापली.”

मला रडू यायला हवं होतं. आली ती लाज, इतकी की मी तिच्या तोंडाकडे बघू शकेना, म्हणून तिच्या वहीकडे बघत राहिलो. वहीत भागाकार होते, लांबलचक, एकही खाडाखोड नसलेले. मग मी विचारलं, “काय केलंस तेवढा वेळ?”

“एकोणतीसचा पाढा. मनात.” ती थांबली. “मग लाइट आली. मग तू आलास. चहा टाकू का विचारलंस. खूश होतास.”

“सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं. तर तू इथे बसला असतास. दिवसभर. या डब्याकडे बघत.” तिने यंत्राकडे मान हलवली. “माझ्याकडे नाही.”

ते खरं होतं. मी तिचा हात हातात घेतला. तिची बोटं आता नेहमी गार असतात. मी म्हणालो, संगणक रद्द. उद्या सकाळी जाऊन मोठी बॅटरी आणतो, तुझ्या यंत्राला चार तास पुरेल अशी, आणि सिलिंडरची चावी तुझ्या हाताने फिरेल एवढी सैल करून ठेवतो. हे सगळं मी मनापासून बोललो. ती ऐकत होती. “बॅटरी आण,” ती म्हणाली. “संगणकही घे. चार स्क्रीन घे. तुला काहीतरी लागेल.” पुढे तिला काही म्हणायचं होतं, पण ते श्वासात बसलं नाही, किंवा तिने बसवलं नाही.

भिंतीपलीकडून रुग्णालयाच्या धुलाईघराचा वास येत होता. मी तिचा हात दोन्ही हातांत धरून बसलो आणि मला वाटलं, किती दिवसांनी मी असा इथे बसलोय. आता उठायचं नाही. आठ सेकंद, धप्प, फुस्स. मला तो आवाज सहन होत होता. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, कपाळावरची शीर, वरच्या ओठावर नळीने पडलेला वळ, जो मी आजवर नीट पाहिलाच नव्हता.

“जा आता,” ती म्हणाली. “सकाळी काहीतरी घेतलंयस ना. विकायचं असेल.”

“जाऊ दे गं. आज नाही उठत मी.”

“खरंच?”

“खरंच,” मी म्हणालो आणि ते खरं होतं. मी उठलो नाही. बाजार बंद होईपर्यंत आणि त्यानंतरही कितीतरी वेळ मी तिथेच बसून होतो. पण ‘खरंच’ म्हणताना माझी नजर तिच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे गेली होती. तीन वाजून सोळा मिनिटं झाली होती, बाजार बंद व्हायला अजून चौदा उरली होती, आणि माझी नजर कुठे जाऊन आली ते तिने पाहिलं होतं.